लाल काचेतली जोडी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून घेते. दिनकरराव. चुडावा स्टेशनचे असिस्टंट स्टेशन मास्तर. गावाला असिस्टंट-बिसिस्टंट काही कळत नसे. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि मला मास्तरीणबाई. माझं माहेर सेलूचं. तिथे बायका म्हणायच्या, कमलनं नशीब काढलं, जावई सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. खरं होतं ते. सुपारी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. पण कॅमेरा होता. तंबाखू खाणारा माणूस निदान थुंकून मोकळा होतो. आमच्या ह्यांचं तसं नव्हतं.

रशियन बनावटीचा तो कॅमेरा त्यांनी लग्नाआधीच घेतलेला. त्यावर माझे, मुलीचे, मालगाड्यांचे, सिग्नलवर बसलेल्या बगळ्यांचे फोटो काढून झाले होते. फिल्म धुण्याची रसायनंही आमच्या मोरीतच असत, त्यामुळे आंघोळीचं तपेलं कोणतं आणि त्यांचं कोणतं हे मला रोज बघून घ्यावं लागे. एवढ्यावर निभावलं असतं. पण सत्याऐंशीच्या पावसाळ्यात हैदराबादहून त्यांचा मित्र नागनाथ आला आणि जाताना दोन डब्या देऊन गेला. तो कुठल्याशा प्रयोगशाळेत होता. तारीख उलटलेल्या, टाकून द्यायच्या फिल्मा म्हणून त्यानं आणल्या होत्या.

ही साधी फिल्म नाही, असं मला त्या रात्री जेवताना ऐकावं लागलं. माणसाच्या डोळ्यांना जो उजेड दिसत नाही तो हिच्यावर उमटतो. झाडाचं पान तो उजेड परत फेकतं, म्हणून हिरवं झाड फोटोत पांढरंशुभ्र येतं, आणि आभाळ काळं. परदेशात हौशी लोक असले फोटो काढून भिंतीला लावतात. मी म्हटलं, पांढरं झाड बघायचं तर चुन्याची बादली आणा, त्यासाठी हैदराबादची फिल्म कशाला. ते हसले नाहीत. माणूस स्वतःच्या हौसेवर हसत नाही तेव्हाच बाईनं ओळखावं, की आता हे प्रकरण लांबणार.

फिल्म थंड ठेवायची होती. फ्रिज कुणाकडे होता तेव्हा? मग पितळी डब्यात त्या डब्या घालून तो रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरला, आणि वाळू सुकू न देण्याचं काम माझ्याकडे आलं. कॅमेऱ्यात भरायची तीही मिट्ट काळोखात. पहिली फिल्म त्यांनी भरदुपारी कोळशाच्या खोलीत दार लावून भरली. वर एक कौल सरकलेलं होतं, ते डोक्यातच आलं नाही. तेवढ्या फटीनं सगळी फिल्म खाल्ली. धुतल्यावर निघाली नुसती काळी पट्टी, डांबर फासल्यासारखी. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या वेळी अक्कल आली. ते जमिनीवर पालथे झाले, वर मी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या टाकल्या आणि कडा उचलू नयेत म्हणून स्वतः त्यावर बसले. ऑक्टोबरचा उकाडा. आतून आवाज येत होते, "हलू नकोस, हलू नकोस." नेमका तेव्हा रुळांचे सांधे बदलणारा भुजंग पॉइंट्समन किल्ली मागायला दारात आला. साहेबांचे दोन पाय गोधड्यांतून बाहेर आणि वर बाईसाहेब बसलेल्या, हे बघून तो आल्या पावली गेला. स्टेशनभर काय काय बोललं गेलं असेल ते मी विचारलं नाही.

त्या फिल्मला भिंगापुढे गडद लाल काच लागते. ती बाजारातून आणायची म्हणजे मुंबई-पुणं आलं. ह्यांनी मोडीत निघालेल्या हातबत्तीची लाल काच घेतली. गाडी थांबवायला रात्री जी बत्ती दाखवतात, तिची. गोल, सपाट, जाड. काळ्या चिकटपट्टीनं ती कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवली. त्या काचेतून त्यांना स्वतःलाच धड दिसेना. मग आधी काच काढून नजर जुळवायची, भिंगाच्या कड्यावर एक लाल खूण असते तिथवर कडं थोडं सरकवायचं, काच परत बसवायची आणि मग चाप दाबायचा. एका फोटोला एवढं सगळं. भर उन्हात टोपी घालून ते कडुलिंबापुढे, उसापुढे, बोरीबाभळीपुढे उभे राहायचे आणि शेळ्या राखणाऱ्या बायका आपापसात हसायच्या. मला तेव्हा लाज वाटायची. ती लाज किती किरकोळ होती हे पुढे कळलं.

स्टेशनाला लागून व्यंकटरावांचं शेत होतं. मोठं घराणं, पण माणूस साधा. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला, बोलण्यात अजून तो बाज होता. त्यांची बायको मनकर्णा. मी त्यांना मावशी म्हणायचे. माझ्या बाळंतपणात माहेराहून कुणी येऊ शकलं नाही, तेव्हा मुलीला तेल लावून न्हाऊ घातलं ते ह्याच मावशींनी. त्यांना मूल नव्हतं. पण गावात कुणाच्या घरी ओटी भरायची, नव्या नवरीला हळद लावायची, तर पहिली हाक मनकर्णामावशींना. त्यांच्या हाताला यश आहे म्हणायचे. कपाळावर कुंकू असं ठसठशीत, की लांबून आधी कुंकू दिसावं आणि मग मावशी.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर व्यंकटरावांच्या पोटात गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन ठरलं. पोट फाडणार म्हटल्यावर गावानं त्यांच्याकडे बघायची नजरच बदलली. जो तो भेटायला येऊन शेतीची निरवानिरव विचारू लागला.  एके दिवशी मावशी ताकाची लोटी घेऊन आल्या, ती ठेवली, आणि ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "मास्तरला म्हणावं, आमची जोडीची एक तसबीर काढून द्या. लगीन झालं तवा कुठला आला फोटू. म्या बी कदी मागिटला न्हाई. आता पायजे. भितीला लावीन."

का पाहिजे हे त्या बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायचं काय होतं त्यात? माणूस परत आला तर तसबीर आहेच, आणि नाही आला तर तेवढीच आहे.

मी ह्यांना त्याच वेळी म्हटलं, साधी फिल्म घाला. कपाटात साध्या फिल्मची डबी पडली होती. ते म्हणाले, आतली अर्धी झालीय, मध्येच काढली तर उजेड लागून सगळी जाईल. हे खरं होतं. पण मला त्यांचा चेहरा वाचता येतो. त्यांना ती जोडी फोटोत पांढऱ्या आलेल्या लिंबाखाली हवी होती. आजवर झाडंच काढली, माणसं अशी कशी येतात ते बघायचं होतं. त्या फिल्मवर काय उमटतं ते त्यांनी स्वतः एकदाही पाहिलेलं नव्हतं. पहिली तर डांबर होऊन गेली होती. तरी म्हणाले, बघ तू, असा फोटो अख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या भिंतीवर नसेल. ते मात्र अगदी खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही शेतात गेलो. व्यंकटरावांनी तांबडा फेटा बांधला होता. मावशी नवं हिरवंगार लुगडं नेसल्या होत्या, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. ऑपरेशनला जायच्या आधी मुद्दाम भरलेला. डोक्यावरून पदर. लिंबाखाली जवळजवळ उभं राहायला लाजत होत्या. मीच त्यांना ढकलून शेजारी उभं केलं. चेहरा मात्र दगडासारखा. तेवढ्यात ह्यांनी ती हातबत्तीची लाल काच कॅमेऱ्यावर चढवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मावशींनी ते बघितलं आणि फस्सकन हसल्या.

"मास्तर, लाल बत्ती दाखवायलाव," त्या म्हणाल्या, "आमची गाडी थांबवायलाव का काय?"

व्यंकटराव म्हणाले, "थांबवू दे की, बरंच हाय."

त्यावर त्या तोंडाला पदर लावायचंही विसरून हसल्या. त्या क्षणी ह्यांनी चाप दाबला. महिन्याभरात मावशींना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

फिल्म संपवून त्यांनी ती मोरीत धुतली आणि दोरीवर चिमटा लावून वाळत टाकली. बघून जे नाचले, विचारू नका. लिंब कोळशासारखा काळा दिसत होता, म्हणजे कागदावर पांढरा येणार. मला त्या पट्टीत सगळीच भुतं दिसत होती, दात काळे आणि डोळे पांढरे. निगेटिव्हमध्ये माणसं अशीच असतात म्हणून मी सोडून दिलं. मग ते नांदेडला गेले, ओळखीच्या स्टुडिओत उभं राहून मोठा फोटो करून घेतला, काच-चौकट बसवून घेतली. ज्या दिवशी व्यंकटराव निघणार, त्याच सकाळी तपकिरी कागदात बांधलेला तो फोटो घेऊन उतरले. मला दाखवा म्हटलं, तर म्हणाले सगळ्यांसमोर उघडू. ह्यांना ड्यूटीवर चढायचं होतं म्हणून मी वाद घातला नाही. त्यांनी तो फोटो पाहिलेला होता, चांगला निरखून. लिंब पाहिला, आभाळ पाहिलं. पुरुषाची नजर कुठे जाते आणि बाईची कुठे, हे त्या दिवशी कळलं. बाई आधी कपाळ बघते.

दुपारच्या गाडीला अर्धं गाव आलं होतं. नामांतराच्या आंदोलनात नांदेडकडे कुठेतरी रूळ अडवले होते, गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर व्यंकटराव बसले होते, शेजारी वळकटी, आणि मावशींभोवती बायका. सोबत त्यांचा पुतण्या माणिकराव जाणार होता. बायकांनी स्टेशनावरच मावशींची ओटी भरली, नारळ दिला. मी करंडा घेऊन गेले होते. सगळं शुभ चाललं होतं. हे पांढऱ्या गणवेशात आले, हातात ती चौकट, चेहरा असा की जणू ह्यांनाच बक्षीस मिळालंय. म्हणाले, मावशी, तुमची तसबीर आणलीय.

मावशींनी हात पुसून ती घेतली. कागद सोडला. बायका त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

मी मागे होते, मला आधी फोटो दिसला नाही. मला बायका दिसल्या. एकेक करून त्या सरळ झाल्या आणि एक पाऊल मागे सरल्या, जणू मावशींच्या हातात काही तापलेलं होतं.  मग मला फोटो दिसला.

लिंब पांढरा होता, खरंच बर्फासारखा. आभाळ काळं. आणि त्याखाली मनकर्णामावशी पांढऱ्या लुगड्यात उभ्या होत्या. हिरवं लुगडं नाही, चुडा नाही, बांगड्यांच्या जागी हाताला काहीतरी फिकट होतं. आणि कपाळ कोरं. एवढं मोठं कुंकू, पण त्याचा डागसुद्धा नाही. कपाळ आणि गाल एकाच रंगाचे, पिठासारखे. शेजारी व्यंकटराव, तांबडा फेटा पांढरा झालेला, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि अंगाभोवती उजेडाची कड, जणू माणूस निघालाच आहे. नवरा शेजारी उभा असताना विधवा झालेली बाई त्या फोटोत होती, आणि वर ती हसत होती.

मावशींचा हात कपाळाकडे गेला. बोटाला कुंकू लागलं का ते त्यांनी बघितलं. लागलं. तरी परत हात लावून बघितला.

ह्यांना अजून काही कळलं नव्हतं. बायका मागे का सरल्या म्हणून ते माझ्याकडे बघू लागले. मी नुसतं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. मग त्यांनी फोटोकडे नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा कसा उतरला ते मी सांगत नाही. माझा माणूस आहे तो.

गप्प बसले असते तर निभलं असतं. पण ते समजावून सांगू लागले. कुंकवाचा तांबडा रंग ह्या काचेतून पार निघून जातो, हिरवा रंग उजेड परत फेकतो, ते लुगडं पांढरं नाहीये, फक्त फिल्मला तसं दिसलं. प्रयोगशाळेतली फिल्म आहे, अवरक्त किरण आहेत. बायका ऐकत होत्या, त्या 'पांढरं' आणि 'निघून जातो' एवढंच ऐकत होत्या. मी ह्यांना बाहीला धरून मागे ओढत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण प्लॅटफॉर्मची धरणी फरशीची असते, ती घेत नाही. आणि गाडीचा पत्ता नव्हता.

मग त्यांनी ते केलं, जे आठवलं की आजही माझे कान तापतात. माझ्या हातातल्या करंड्यात त्यांनी बोट बुडवलं आणि फोटोच्या काचेवर, मावशींच्या कपाळावर, कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत. मग घाईघाईनं व्यंकटरावांच्या कपाळावरही लावलं. म्हणाले, बघा, आता झालं की नाही.

चौकटीतला फोटो. काचेवर कुंकवाचं बोट. असे फोटो आपल्या सगळ्यांच्या घरात असतात, आणि ते कुणाचे असतात हे पोरालाही ठाऊक असतं. गळ्यात हार तेवढा राहिला होता. मागून कुणी म्हातारी अगदी हळू म्हणाली, "अगं बया, जितेपणीच." माझ्या हातून करंडा पडला. हळद-कुंकू फरशीवर सांडलं आणि बायका पाय उचलून बाजूला झाल्या. अशी लाज मी जन्मात अनुभवली नव्हती. ती ह्यांची होती की माझी, हे मला वेगळं करता येत नव्हतं. आम्ही शिकलेले, रेल्वेचे, वर्षभर त्या बाईच्या हातचं ताक पिणारे. आणि तिनं आयुष्यात एकदा काही मागितलं तर आम्ही तिच्या हातात हे ठेवलं.

व्यंकटराव बाकावरून उठले. त्यांनी फोटो घेतला, लांब धरून बघितला. धोतराच्या सोग्यानं काचेवरचं कुंकू पुसलं, दोन्ही. म्हणाले, "चांगला आलाय की लिंब."

त्यांनी ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते ह्यांना सावरायला म्हटलं होतं. ज्याचं पोट उद्या फाडणार तो माणूस.

मावशींनी फोटो त्यांच्या हातून काढून घेतला आणि पालथा करून माझ्याकडे दिला. "तुज्यापाशी ठिव. घरात नगं," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी पायाला हात लावला तर त्यांनी मला उठवलं, पण आशीर्वाद द्यायच्या आधी एक क्षण थांबल्या. मी तो क्षण मोजत नाही, पण विसरतही नाही. माझी नजर वर गेली तर त्यांचं बोट परत कपाळावर होतं.

गाडी आली तेव्हा हिरवं निशाण दाखवायचं काम ह्यांचंच होतं. डब्याच्या खिडकीत मावशी बसल्या होत्या. ह्यांनी हात वर करून निशाण धरलं. मावशींनी तिकडे बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते ह्यांनाच ठाऊक. कॅमेरा पेटीत गेला. लाल काच त्यांनी जिथून काढली होती तिथे, मोडीच्या ढिगात, नेऊन टाकली. गाव तोंडावर काही बोललं नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलवायला आलेली बाई दारातूनच बोलावून गेली, आत आली नाही. लग्नाच्या फोटोला म्हणून जे दोघं-तिघं ह्यांना सांगायला यायचे, ते पूर्णेला जाऊ लागले. भुजंग एकदा सहज म्हणाला, साहेब, माझा फोटो काढला होता तो कोणत्या फिल्मवर? साध्या, साध्या, असं ह्यांनी दोनदा सांगितलं.

शकुन-अपशकुन थोतांड आहे, असं मला सात वर्षं ऐकवणारा हा माणूस परभणीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या गार्डला थांबवून विचारायचा, चुडाव्याचं कुणी औरंगाबादहून बसलंय का. तारेचं यंत्र कटकट करू लागलं की जागेवरून उठायचा. ऑपरेशन झालं, बरं आहे, एवढा निरोप माणिकरावनं धाडला होता. पण पुढे जखम चिघळली म्हणून कळलं, आणि मग काहीच कळेना. एका दुपारी मी पाणी द्यायला गेले तर ते ऑफिसात भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला म्हणाले, "कमल, त्यांना काही झालं तर लोक म्हणतील फोटोनं झालं. मी म्हणेन फोटोनं नाही झालं. पण ती बाई उरलेला जन्म काय म्हणेल?"  मी म्हटलं, पाणी प्या.

फोटो माझ्याकडे होता. फाडावा तर जितीजागती माणसं आहेत त्यात. देवाची तसबीर फुटली तर नदीत सोडतात, मेलेल्या माणसाची भिंतीवर ठेवतात. ह्याचं काय करतात हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तो ट्रंकेत तळाशी, माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवला. का शालूखाली, ते मलाही सांगता येणार नाही.

संक्रांत उलटल्यावर ते दोघं परत आले. व्यंकटराव निम्मे झाले होते, पण स्वतःच्या पायानं उतरले. मी धावत गेले. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. हे कुठे होते? तिकिटाच्या खोलीत कडी लावून बसले होते. तिकिटं गोळा करायला भुजंगला पाठवलं होतं. व्यंकटरावांनी इकडे तिकडे बघितलं, काठी टेकत ते त्या खिडकीपाशी गेले आणि बाहेरून म्हणाले, "मास्तर, जिंदा आलोय. आता साधा फोटू काढा."

दुसऱ्याच दिवशी काढला. तोच लिंब, तेच हिरवं लुगडं. साधी फिल्म, भिंगापुढे काही नाही. ह्यांनी मावशींना रिकामं भिंग दाखवलं, आतली फिल्मची डबी दाखवली, जसं डॉक्टर सुई दाखवतो. मावशी हो म्हणाल्या. उभ्या राहिल्या. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांचा हात कपाळाकडे जायचा. मी म्हटलं, मावशी, हात खाली. खाली घ्यायच्या. परत कॅमेरा वर, परत हात वर. बऱ्याच फोटोंत तो हात आला. शेवटी त्यातल्या त्यात बरा निवडला. कुंकू काळंभोर, लुगडं गडद, सगळं जिथल्या तिथे. फक्त बोटं कपाळापाशी पोचता पोचता थांबलेली, आणि डोळे भिंगाकडे असे, जसं ओळखीच्या नसलेल्या कुत्र्याकडे बघावं. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत तोच लागला. आम्हाला जेवायला बोलावलं की हे त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

माझी समजूत होती की इथे संपलं. पण उन्हाळा लागता लागता एका दुपारी व्यंकटराव क्वार्टरवर आले. हे घरीच होते. चहा झाला. कप खाली ठेवून ते मला म्हणाले, "मास्तरीणबाई, ती पयली तसबीर हाय का जाळली?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. मी ट्रंक उघडून शालूखालून चौकट काढून दिली. व्यंकटरावांनी ती मांडीवर घेतली आणि चष्मा लावून बघत बसले. लिंबाकडे नाही बघितलं.

"हासायली व्हती बघा," ते म्हणाले. "इस्पितळातून आल्यापून हासत न्हाई. सारखी कपाळ चाचपती. निजंत बी चाचपती."

 मग त्यांनी ती तसबीर माझ्या हातात दिली. मी म्हटलं, घेऊन जा ना तुम्ही. त्यांनी मान हलवली. "घरी न्हेता येत न्हाई. तुमच्यापाशीच असू द्या. मी येत जाईन."

आणि ते येतात. महिन्या-दोन महिन्यांनी, गाडीची वेळ नसताना, चहाच्या निमित्तानं. मी न विचारता ट्रंक उघडते. काठी दारात दिसली की हे उठतात, पायात चपला सरकवतात आणि सिग्नलची बत्ती बघून येतो म्हणून भर उन्हात निघून जातात. व्यंकटराव गेल्याशिवाय परत येत नाहीत.